रोगाचे मूळ शोधणारा वैद्य : डॉ. वसंत रामजी खानोलकर

डॉक्टर म्हटले की गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून रोग्याची नाडी पाहणारी व्यक्ती आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. आपले मूलही असेच दवाखान्यात बसावे, दारावर त्याच्या नावाची पाटी लागावी, असे स्वप्न आपल्या शाळेतील कितीतरी पालक पाहतात. ते स्वप्न योग्यच आहे. परंतु वैद्यकाची आणखी एक वाट आहे. हा रोग याच माणसांना, याच गावात का होतो, असा प्रश्न विचारून आयुष्यभर त्याचे उत्तर शोधणाऱ्यांची ती वाट होय. भारतात ही वाट ज्यांनी घडविली, त्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांना भारतातील विकृतिशास्त्राचे व वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हटले जाते.

डॉ. खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी लंडन विद्यापीठात घेतले आणि १९२३ मध्ये विकृतिशास्त्र या विषयात एम.डी. ही पदवी संपादन केली. आपल्या वाचकांना हे वर्ष अन्य कारणानेही स्मरणात असेल. त्याच वर्षी त्याच विद्यापीठाने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना अर्थशास्त्रातील डी.एस्सी. प्रदान केली. पारतंत्र्यातील देशाचे दोन सुपुत्र एकाच नगरीत, भिन्न शास्त्रांच्या साधनांनी, आपल्या समाजाच्या दुखण्यांचा शोध घेण्याची तयारी करीत होते.

मायदेशी परतल्यावर डॉ. खानोलकर यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि पुढे परळच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात विकृतिशास्त्राचे अध्यापन केले. विकृतिशास्त्र म्हणजे रोगाने शरीरात कोणते बदल घडविले, हे पाहणारे शास्त्र. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून, किंवा मृतदेहाचे विच्छेदन करून, रोगाची ओळख पटविणे हे या शास्त्राचे काम. येथे रोग्याची कृतज्ञ नजर क्वचितच लाभते आणि पैसाही बेताचाच मिळतो. लंडनची पदवी हाती असताना श्रीमंत रोग्यांचा दवाखाना थाटणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी प्रयोगशाळेची निवड केली.

१९४१ मध्ये परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळा व संशोधन यांची धुरा डॉ. खानोलकर यांच्याकडे आली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून कर्करोगाचे रुग्ण येथे येऊ लागले. गाठ कोठे आहे एवढ्यावर न थांबता रुग्ण कोठून आला, काय खातो, तंबाखू कशी घेतो, कोणते वस्त्र कसे नेसतो, याचीही नोंद त्यांनी महत्त्वाची मानली. १९४५ मध्ये सहलेखिका सूर्याबाई यांच्यासमवेत प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी भारतीय चालीरीतींशी निगडित असे तीन प्रकारचे कर्करोग जगापुढे मांडले. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्टा नावाची जाड विडी पेटते टोक तोंडात धरून ओढतात. तेथे टाळूचा कर्करोग आढळत होता. उत्तरेत चुना मळलेली खैनी खालच्या ओठात धरतात; तेथे नेमक्या त्याच जागी व्रण होत होता. आणि कमरेला वर्षानुवर्षे घट्ट कसलेल्या धोतराच्या घर्षणाने त्या पट्ट्यातील त्वचेचा कर्करोग होत होता. वैद्यकाच्या ग्रंथांत तो धोतराचा कर्करोग म्हणूनच नोंदला गेला.

या निरीक्षणांमागील विचार फार मोठा आहे. अमुक वंशाला किंवा धर्माला अमुक रोग जन्मतःच होतो, अशी समजूत त्या काळी सुशिक्षितांतही होती. गरीब रुग्ण त्यालाच नशीब अथवा पूर्वकर्माचे फळ म्हणत असे. डॉ. खानोलकर यांनी निरनिराळ्या समाजांतील कर्करोगाचे प्रमाण तपासले आणि फरकाची कारणे राहणीमान व सवयी यांत शोधली. सवयीने होणारा रोग सवय सुटली की टाळता येतो. दुःखाला कारण असते आणि ते कारण दूर करता येते, हे ज्या परंपरेत आपण शिकलो, तिच्या वाचकांना या विचाराची ओळख वेगळी करून देण्याची गरज नाही.

त्यांच्या आणखी एका कामाकडे इतिहासाच्या अभ्यासकाचे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. १९४९ मध्ये डॉ. एल. डी. संघवी यांच्यासह त्यांनी मुंबईतील, आपापसांतच विवाह करणाऱ्या सहा समूहांच्या रक्तगटांचा आणि इतर आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अंतर्विवाह हाच जातिसंस्थेचा प्राण आहे, असा सिद्धांत बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील आपल्या निबंधात मांडला होता. विवाहाचे कुंपण घातले की समूहासमूहांत लक्षणांचे प्रमाण कमी-अधिक होत जाते, हे प्रयोगशाळेतही मोजता आले. मात्र ए, बी आणि ओ हे रक्तगट सर्वांतच सापडतात, आणि त्यांपैकी कोणताही उच्च वा नीच नसतो.

कुष्ठरोगाविषयीचे त्यांचे संशोधनही तितकेच मोलाचे आहे. त्वचेवरील अगदी आरंभीच्या चट्ट्यांचा सूक्ष्म अभ्यास करून, या रोगाचे जंतू प्रथमावस्थेतच चेतातंतूंत शिरतात, हे त्यांनी दाखविले. संवेदना का हरपते आणि चट्टा लहान असतानाच उपचार का हवेत, हे त्यावरून उमगते. ज्या रोग्याला समाज गावाबाहेर काढीत होता, त्याच्या त्वचेच्या कणाकणात त्यांनी शास्त्र शोधले.

१९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. तेथे त्यांनी माणसे घडविली. डॉ. कमल रणदिवे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली आणि या केंद्रात ऊतकसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. १९५८ मध्ये याच केंद्रात कुष्ठरोग्याच्या ऊतकातून एक जंतू वेगळा करून वाढविण्यात आला आणि पुढे त्यापासून कुष्ठरोगावरील लस तयार झाली.

आपल्या परिसराशी त्यांचे नाते अणुऊर्जेच्या मार्गाने जुळते. तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वीच, १९५५ ते १९६० या काळात, डॉ. खानोलकर अणुऊर्जा आयोगाच्या जीवशास्त्र व वैद्यक सल्लागार समितीचे अध्यक्ष होते. किरणोत्साराच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाने नेमलेल्या वैज्ञानिक समितीत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. वीज किती मिळेल याच्या जोडीने माणसाच्या शरीराचे काय होईल, हा प्रश्न विचारणारा वैद्य त्या आरंभीच्या काळात देशाजवळ होता, ही लहान गोष्ट नव्हे.

१९६० ते १९६३ या काळात त्यांनी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले. पद्मभूषण हा सन्मान त्यांना लाभला. वैद्यकशास्त्राचे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणूनही त्यांनी काम केले. शंभराहून अधिक शोधनिबंध मागे ठेवून २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

आज बोईसरहून गाडी पकडून परळच्या त्याच रुग्णालयात जाणारे रुग्ण आपल्या ओळखीचे असतात. आपल्या पाड्यांवर मशेरी भाजली जाते, कारखान्याच्या पाळीवर तंबाखूचा बार भरला जातो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या वाफेत आयुष्य काढलेले कामगार याच शाळेतील मुलांचे बाप आहेत. त्यांच्या दुखण्यांची नोंद कोण ठेवणार? बाहेरून आलेला संशोधक चार दिवस राहून जाईल. मशेरी दिवसातून किती वेळा लावली जाते आणि रात्रपाळीहून परतलेला बाप किती वेळ खोकतो, हे येथल्या घरात वाढलेल्या मुलालाच ठाऊक असते.

म्हणून पालकांना विनंती अशी की, एमबीबीएस झालेले मूल विकृतिशास्त्र, सामाजिक वैद्यक किंवा संशोधन यांकडे वळू लागले, तर दवाखाना कधी काढणार, असे विचारून त्याला मागे ओढू नये. वैद्यकीय क्षेत्रात असलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी सुटीत शाळेत येऊन विज्ञानाच्या मुलांना सूक्ष्मदर्शकातून एखादा काप दाखवावा. डॉ. खानोलकर यांचे आयुष्य सूक्ष्मदर्शकातून असे पाहण्यातच गेले. त्यांची पुढची नोंदवही पालघरच्या वसतिगृहात वाढलेल्या एखाद्या मुलीच्या हातची असावी.