बंदिवानांचे वकील : वि. म. तारकुंडे

पुणे जिल्ह्यातील सासवड या गावी ३ जुलै १९०९ रोजी विठ्ठल महादेव तारकुंडे यांचा जन्म झाला. त्यांचे वडील महादेवराव हे वकील होते. ब्राह्मण कुटुंबात जन्मूनही त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध उघड भूमिका घेतली. त्या काळी सासवडसारख्या गावात ही सोपी गोष्ट नव्हती. विठ्ठलराव १९२५ साली मॅट्रिकच्या परीक्षेत सबंध मुंबई इलाख्यात पहिले आले. एवढे यश मिळवलेल्या मुलाने पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात प्रवेश घ्यावा, याचे आज नवल वाटते. पदवीनंतर ते लंडनला गेले, बॅरिस्टर होऊन परतले आणि १९३३ पासून पुण्यात वकिली करू लागले.

पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांनी ते भारावून गेले. १९४२ साली चालती वकिली सोडून त्यांनी रॉय यांच्या पक्षाच्या कामाला पूर्ण वेळ वाहून घेतले. १९४८ मध्ये तो पक्ष विसर्जित झाल्यावर ते मुंबईत पुन्हा वकिलीकडे वळले. १९५७ साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. निवृत्तीला अवकाश असतानाच, १९६९ मध्ये, त्यांनी ते पद सोडले आणि दिल्लीस जाऊन सर्वोच्च न्यायालयात वकिली सुरू केली. ज्या आसनासमोर इतरांनी उभे राहावे ते आसन सोडून स्वतः समोर उभे राहणे थोड्यांनाच जमते. त्यांच्या आयुष्यातील मोठे काम यानंतरच झाले.

ते काम समजण्यासाठी कायद्यातील एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. गुन्ह्याच्या आरोपावरून अटक केलेल्या माणसाला पोलिसांनी चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. प्रतिबंधक स्थानबद्धतेचे तसे नसते. तिथे गुन्हा घडलेला नसतो आणि खटलाही चालत नाही. हा माणूस पुढे काही घातक करील, एवढ्या संशयावरून त्याला तुरुंगात ठेवता येते. अशा वेळी त्याच्या आप्तांना उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज करता येतो. यालाच हेबियस कॉर्पस म्हणतात. त्यावरून न्यायालय सरकारला विचारते की, या माणसाला कोणत्या कायद्याने कोंडले आहे? उत्तर समाधानकारक नसेल तर त्याची सुटका होते.

२५ जून १९७५ च्या रात्री देशात आणीबाणी पुकारण्यात आली. दुसऱ्याच दिवशी बेंगळूरमध्ये संसदीय समितीच्या कामासाठी आलेले अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि आपल्या महाराष्ट्राचे मधू दंडवते यांना अटक झाली. देशभर एक लाखाहून अधिक माणसे तुरुंगात गेली. मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात दाद मागण्याचा अधिकारच राष्ट्रपतींच्या आदेशाने स्थगित झाला होता. तरीही कर्नाटकासह नऊ उच्च न्यायालयांनी बंदिवानांचे अर्ज ऐकून घेता येतील असा निर्णय दिला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले.

तेथे बंदिवानांच्या बाजूने जे नामवंत वकील उभे राहिले त्यांत तारकुंडे होते. कैद झालेल्यांत संघाचे स्वयंसेवक होते, समाजवादी होते, मार्क्सवादीही होते. स्वतः तारकुंडे विवेकवादी, धर्म आणि पक्षीय राजकारण या दोहोंपासून दूर. अनेक अशिलांची मते त्यांना मुळीच मान्य नव्हती. पण माणसाचे मत पाहून त्याचे स्वातंत्र्य ठरवायचे नसते, अशी त्यांची धारणा होती. राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदात जीवित व स्वातंत्र्याचे संरक्षण प्रत्येक व्यक्तीला दिले आहे. तेथे नागरिक हा शब्दसुद्धा नाही, म्हणून परदेशातून आलेल्या माणसालाही ते लाभते. सुनावणीत सरकारी वकिलांनी मान्य केले की, आणीबाणीत पोलिसांनी बेकायदेशीरपणे कोणाचा जीव घेतला तरी न्यायालयात दाद मागता येणार नाही.

२८ एप्रिल १९७६ रोजी निकाल लागला. पाचांपैकी चार न्यायाधीशांनी सरकारची बाजू उचलून धरली. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना वेगळे राहिले. त्या चौघांत पुण्याचे यशवंत चंद्रचूडही होते.

खटला हरला, म्हणून तारकुंडे थांबले नाहीत. आणीबाणी चालू असतानाच, ऑक्टोबर १९७६ मध्ये, जयप्रकाश नारायण यांच्या प्रेरणेने नागरी स्वातंत्र्यासाठी एक संघटना स्थापन झाली. तिचे अध्यक्षपद तारकुंडे यांनी स्वीकारले. हीच संघटना पुढे पीयूसीएल या नावाने ओळखली जाऊ लागली. १९७७ मध्ये आणीबाणी उठली. त्यानंतर त्यांच्या समितीने आंध्र प्रदेशात नक्षलवादी ठरवून पोलिसांनी ठार केलेल्या तरुणांच्या मृत्यूंची चौकशी केली. हिंसेचा मार्ग त्यांना कधीच पटला नव्हता. तरी चकमकीच्या नावाखाली झालेल्या हत्या त्यांनी उजेडात आणल्या. हे काम लोकप्रियता मिळवून देणारे खासच नव्हते.

१९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही एकविसावा अनुच्छेद स्थगित करता येणार नाही अशी तरतूद झाली. १९८० साली अटकपूर्व जामिनाचा प्रश्न पाच न्यायाधीशांपुढे आला तेव्हा तारकुंडे पुन्हा उभे राहिले. जामीन नाकारणे म्हणजे स्वातंत्र्य हिरावणे होय, म्हणून कायद्यात नसलेल्या अटी न्यायालयाने त्यात घालू नयेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो या वेळी न्यायालयाने मान्य केला. निकालपत्र लिहिले सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी!

१९९८ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २२ मार्च २००४ रोजी त्यांचे निधन झाले. १९७६ चा तो निर्णय चुकीचा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी, नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढील खटल्यात जाहीर केले. त्यातील प्रमुख निकालपत्र यशवंत चंद्रचूड यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड यांचे होते.