ठिणगीला शिस्त लावणारा अभियंता : चार्ल्स केटरिंग

पुणे-सोलापूर महामार्गावरील लोणी काळभोर हे गाव मोटारीच्या जगाशी दोन धाग्यांनी जोडलेले आहे. तेल कंपन्यांच्या येथील साठवण केंद्रांतून पेट्रोल आणि डिझेलचे टँकर निघतात, तर गावातील राजबाग परिसरात विद्यापीठाच्या वर्गांतून अभियांत्रिकीचे शिक्षण दिले जाते. टाकीतील पेट्रोल आणि ते पेटवणारी ठिणगी या दोहोंवर विसाव्या शतकात एकाच माणसाने खोल ठसा उमटवला. चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग हे त्याचे नाव. अमेरिकेत ते घराघरांत पोहोचले. आपल्याकडे मात्र त्यांचे काम रोज वापरणाऱ्यांनाही त्यांचे नाव फारसे ठाऊक नाही.

स्पोर्ट्स कारच्या हौशी मंडळींमध्ये इंजिनाची जागा नीटनेटकी करण्याचे वेड मोठे आहे. बॉनेट उघडताच केवळ इंजिन दिसावे, वायरींचे जंजाळ दिसू नये, हा त्यामागील आग्रह. त्यात पहिली कुऱ्हाड बहुधा इग्निशन कॉइलवर पडते. जनरल मोटर्सने १९९७ च्या कॉर्व्हेट मोटारीत बसवलेल्या एलएस-१ या आठ सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल होती आणि या आठही कॉइल इंजिनाच्या वरच्या झाकणांवर ओळीने बसवलेल्या होत्या. हौशी मंडळी त्या तेथून काढून इंजिनाच्या मागे किंवा नजरेआड अशा कोपऱ्यात हलवतात. इंजिन देखणे दिसते खरे. पण प्लगपर्यंत जाणारी वायर लांबते, कॉइल सायलेन्सरकडे जाणाऱ्या तप्त नळ्यांजवळ गेली तर उष्णतेने खराब होते आणि अर्थिंग कच्चे राहिले तर गाडी मिसिंग करू लागते. एका भागाची जागा बदलली की दुसऱ्या भागाचे दुखणे सुरू होते, हा यंत्रशास्त्रातील जुना धडा आहे. केटरिंग यांचे आयुष्य म्हणजे या धड्याचे सर्वांत मोठे उदाहरण होय.

अधू डोळ्यांचा विद्यार्थी

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी ओहायो राज्यातील लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. दृष्टी लहानपणापासून अधू. वाचन केले की डोके ठणकू लागे. तरीही त्यांनी काही काळ शाळेत शिकवले आणि नंतर ओहायो राज्य विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीसाठी प्रवेश घेतला. डोळ्यांच्या त्रासामुळे शिक्षण मध्येच सोडावे लागले. त्या काळात खड्डे खणून टेलिफोनचे खांब उभारणाऱ्या टोळीत त्यांनी काम केले. प्रकृती सुधारल्यावर ते विद्यापीठात परतले. सोबतचे विद्यार्थी पाठ मोठ्याने वाचून दाखवीत आणि केटरिंग ते ऐकून ध्यानात ठेवीत. १९०४ मध्ये ते पदवीधर झाले, तेव्हा त्यांच्या वयाची अठ्ठाविशी जवळ आली होती. पुढल्याच वर्षी ऑलिव्ह विल्यम्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पहिली महत्त्वाची नोकरी डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत मिळाली. दुकानातील गल्ल्याचे यंत्र तोवर हाताने दांडा फिरवून चालवावे लागे. त्याला विजेची छोटी मोटर बसवण्याचे काम केटरिंग यांनी तडीस नेले. गल्ल्याची मोटर दिवसभर फिरत नसते; ती क्षणभर जोर लावते आणि थांबते. अशा क्षणिक कामासाठी लहान मोटरवरही तिच्या नेहमीच्या ताकदीपेक्षा कितीतरी अधिक भार टाकता येतो, हे त्यांच्या ध्यानी आले. हे निरीक्षण पुढे जगभरातील मोटारींच्या कामी आले.

चार पेट्यांऐवजी एक कॉइल

कॉइलचा शोध केटरिंग यांनी लावलेला नाही. कमी दाबाच्या विजेपासून उच्च दाबाची वीज निर्माण करणारी वेटोळी आयर्लंडमधील धर्मगुरू आणि शास्त्रज्ञ निकोलस कॅलन यांनी १८३६ मध्येच बनवली होती. जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटोही तयार झाला होता. तथापि त्या काळच्या बहुसंख्य मोटारींत ठिणगीची व्यवस्था बेभरवशाची होती. अनेक मोटारींत प्रत्येक सिलिंडरसाठी एक अशा चार थरथरत्या कॉइल लाकडी पेटीत घालून चालकासमोरच्या फळीवर बसवलेल्या असत. फोर्डच्या प्रसिद्ध मॉडेल टी मोटारीत ही पेटी १९२७ पर्यंत टिकली. प्रत्येक कॉइलची पत्ती वेगळी, तिची थरथर वेगळी. त्यामुळे चारही सिलिंडरांना सारखी ठिणगी मिळणे कठीण जाई.

सहकारी एडवर्ड डीड्स यांच्या घरामागील कोठारात १९०८ पासून केटरिंग आणि त्यांचे काही मित्र दिवसाची नोकरी संपल्यावर रात्री काम करू लागले. चार कॉइल काढून एकच कॉइल ठेवायची, तिला सेलची वीज द्यायची, नेमक्या क्षणी पॉइंट उघडून एकच जोरदार ठिणगी पाडायची आणि ती डिस्ट्रिब्युटरमार्फत पाळीपाळीने प्रत्येक प्लगकडे पाठवायची, अशी त्यांची योजना होती. इंजिनाची जागा मोकळी करण्याचा हा पहिल्या फळीतला प्रयोग म्हणावा लागेल. फरक इतकाच, की येथे देखणेपणा हा हेतू नव्हता. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांना ही व्यवस्था पसंत पडली आणि त्यांनी १९१० च्या मोटारींसाठी हजारो संचांची मागणी नोंदवली. त्यातूनच १९०९ मध्ये डेल्को कंपनी उभी राहिली. पुढे अँबेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी चालवणाऱ्या दोन पिढ्यांनी पॉइंट घासून गाडी चालू केली, ती व्यवस्था मुळात हीच होती.

त्यानंतर आला सेल्फ. इंजिन चालू करण्यासाठी हँडल मारताना उलटा झटका बसून चालकाचा हात मोडणे तेव्हा नित्याचे होते. अशा अपघातात आपला एक स्नेही दगावल्याने लेलँड यांनी हँडल हटवण्याचा निश्चय केला, अशी कथा सांगितली जाते. तिच्या तपशिलांबाबत मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत. इंजिन फिरवण्यासाठी इंजिनाएवढीच मोठी मोटर लागेल, असे अनेक तज्ज्ञांचे मत होते. केटरिंग यांना गल्ल्याचे यंत्र आठवले. फेब्रुवारी १९११ मध्ये त्यांचा सेल्फ कॅडिलॅकवर चालला आणि १९१२ च्या मोटारींत ठिणगी, दिवे व सेल्फ एकाच बॅटरीवर आले. हँडल मारण्यासाठी लागणारी ताकद नसल्याने मोटारीपासून दूर राहिलेल्या असंख्य स्त्रियांना त्यामुळे स्वतः गाडी चालवता येऊ लागली.

कॉइलवरचा आळ

नव्या मोटारींची ताकद वाढली तशी एक तक्रार पुढे आली. चढावर इंजिन ठणठण वाजू लागे. दोष केटरिंग यांच्या नव्या इग्निशनचा आहे, असा आरोप झाला. आपल्या कॉइलवरचा हा आळ दूर करण्यासाठी त्यांनी १९१६ च्या सुमारास थॉमस मिजली या तरुण अभियंत्याला कामाला लावले. दोष ठिणगीत नसून पेट्रोलच्या भडकून जळण्यात आहे, हे लवकरच सिद्ध झाले. कॉइल निर्दोष ठरली. आता इंधनात काय मिसळावे, याचा शोध सुरू झाला. लाल रंगामुळे इंधन उष्णता लवकर शोषून घेईल, या तर्काने आयोडीन घालून पाहिले गेले. तर्क चुकीचा निघाला, पण ठणठण मात्र कमी झाली. मग असंख्य रसायने तपासण्यात आली. अखेर ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे एक संयुग, हाती लागले. गॅलनमागे सुमारे ३ घनसेंटिमीटर एवढ्या मात्रेने इंजिन शांत होत होते.

शिसे विषारी आहे, हे तेव्हाही ज्ञात होते. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळूनही ठणठण थांबते, हे केटरिंग आणि मिजली दोघांनाही ठाऊक होते. पण अल्कोहोल कोणालाही बनवता येत होते आणि त्यावर पेटंटची मक्तेदारी मिळणे शक्य नव्हते. शिवाय शिशाची मात्रा अत्यल्प पुरत होती. १९२३ मध्ये डेटनमध्येच शिसेयुक्त पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि पुढील वर्षी स्थापन झालेल्या एथिल कंपनीचे पहिले अध्यक्षपद केटरिंग यांच्याकडे आले. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात विषबाधेने पाच कामगार मृत्युमुखी पडले. मे १९२५ मध्ये सरकारी आरोग्य परिषद भरली. ॲलिस हॅमिल्टन यांच्यासारख्या तज्ज्ञांनी धोक्याचा इशारा दिला. केटरिंग यांनी मात्र इंधन वाचवण्यासाठी हे रसायन आवश्यक असल्याची बाजू मांडली. काही काळ थांबलेली विक्री १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि हे पेट्रोल जगभर पसरले.

यश, अपयश आणि वारसा

डेल्को जनरल मोटर्समध्ये विलीन झाल्यानंतर १९२० पासून १९४७ पर्यंत केटरिंग यांनी त्या कंपनीच्या संशोधन विभागाची धुरा वाहिली. सर्वच प्रयोग फळले असे नाही. पाण्याऐवजी तांब्याच्या पंखांनी थंड राहणारे शेव्हर्ले इंजिन १९२३ मध्ये पूर्णपणे फसले आणि मोटारी परत घ्याव्या लागल्या. निराश झालेल्या केटरिंग यांनी राजीनामा देऊ केला, पण अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांनी त्यांना जाऊ दिले नाही. पुढे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली घडलेल्या हलक्या डिझेल इंजिनांनी अमेरिकी रेल्वेतून वाफेचे इंजिन हद्दपार केले. गवत हिरवे का असते, या प्रश्नापासून सुरुवात करून त्यांनी वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणाच्या संशोधनालाही पैसा पुरवला. १९४५ मध्ये स्लोन यांच्यासह त्यांनी न्यूयॉर्कमध्ये कर्करोग संशोधन संस्था उभारण्यास हातभार लावला. पुढच्याच वर्षी पत्नी ऑलिव्ह यांचे कर्करोगाने निधन झाले. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी डेटन येथे केटरिंग यांनी अखेरचा श्वास घेतला.

शिशाची किंमत पूर्णपणे उघड झाली, ती त्यांच्या मृत्यूनंतर. धुरातून पसरलेले शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालते, हे संशोधनाने सिद्ध झाले. भारतात फेब्रुवारी २००० पासून मोटारींसाठी देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. जगात शेवटी अल्जीरियाने २०२१ मध्ये त्याला रजा दिली. आता पुण्यातील पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. म्हणजे केटरिंग यांनी शंभर वर्षांपूर्वी बाजूला सारलेले अल्कोहोलच.

कॉइलही पुन्हा जागा बदलून बसली आहे. केटरिंग यांनी चारांची एक केली. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आल्यावर ती पुन्हा प्रत्येक सिलिंडरला एक अशी झाली आणि बहुतेक नव्या मोटारींत थेट प्लगच्या डोक्यावर चढली. उच्च दाबाची लांब वायर त्यामुळे संपली. देखणेपणासाठी कॉइल दूर हलवणारे हौशी अभियंते ती वायर पुन्हा आणतात. त्यांनी वायरची लांबी, उष्णता आणि अर्थिंग यांचा हिशेब आधी मांडलेला बरा. स्वतःच्या कॉइलवरचा डाग पुसून काढणाऱ्या केटरिंग यांच्याकडून असाच एक हिशेब मांडायचा राहिला आणि तो जगातील मुलांना पाऊणशे वर्षांहून अधिक काळ चुकवावा लागला.