नावाच्या चिंध्या

रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंड्याला समुद्रात जाते. तिच्या मुखाजवळचे चौल एकेकाळी रेशमी विणकामासाठी नावाजलेले होते, हे आम्ही पेण-रोह्याकडची माणसे ऐकून असतो. पण चौलचे नाव घेऊन एक कापड जपानात पोचले, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले. 'चाऊ-जिमा' हे ते पट्टेरी रेशीम; पोर्तुगीजांनी नेलेले आणि पुढे क्योतोच्या विणकरांनी स्वतःच विणायला घेतलेले. त्याचा माग काढता काढता मी सेन नो रिक्यू या माणसापाशी येऊन थबकलो.

पोर्तुगीजांनी चौलला बस्तान बसवले १५२१ मध्ये. पुढच्याच वर्षी रिक्यू जपानातल्या साकाई बंदरात जन्मला. घराणे व्यापाऱ्याचे, मासळीच्या वखारीचे. मुलगा मात्र ताकेनो जोओ या गुरूकडे चहाविधी शिकू लागला. हा चहा म्हणजे आपली दूध-साखरेची उकळी नव्हे. हिरव्या पानांची वस्त्रगाळ पूड गरम पाण्यात घुसळायची आणि पाहुण्यापुढे ठेवायची. सगळा सोहळा चार-चार तास चालू शकतो. पूड असते मातीच्या छोट्या कुपीत, आणि कुपी रेशमी बटव्यात. पेणला माझी आजी सुपारीचा बटवा कमरेला खोचायची, तसाच नाडीचा. फरक असा, की तिथे बटव्याच्या कापडालाही नाव असते. जरतारी 'किनरान', बुट्टीदार 'दोन्सु', पट्ट्यापट्ट्यांचे 'कान्तो'. बरेचसे चीनहून आलेले, काही त्याहून दुरून. तळहाताएवढा तुकडा उरला तरी तो जपायचा. चहा झाल्यावर पाहुणा कुपीबरोबर बटवाही मागून घेतो आणि निरखून पाहतो.

ओदा नोबुनागा आणि त्याच्यानंतर तोयोतोमी हिदेयोशी, दोघांनीही रिक्यूला पदरी ठेवले. १५८५ मध्ये सम्राटासाठी चहा झाला, त्या निमित्ताने त्याला 'रिक्यू' हे नाव मिळाले. हिदेयोशीने सोन्याने मढवलेली चहाची खोली करवून घेतली. रिक्यूची आवड दोन चटयांच्या, मातीच्या भिंतींच्या खोलीची. हिदेयोशीला गुरू हवा होता. गुरूची आवड त्याला कितपत सोसली, याची मला शंकाच आहे.

मला मात्र या बड्या नावांपेक्षा रिक्यूची बायको सोओन जवळची वाटते. १५९० मध्ये तो ओदावाराच्या मोहिमेवर निघाला, तेव्हा औषधे गुंडाळायला तिने एक रेशमी चौकोन शिवून दिला, अशी कथा सांगतात. रिक्यूला ते माप इतके आवडले, की चहाची भांडी पुसायच्या वस्त्राला त्याने तेच ठरवले. आजही हा 'फुकुसा' साधारण २७ बाय २९ सेंटिमीटरचा असतो.

पुढच्याच वर्षी हिदेयोशीने त्याला पोट चिरून मरण्याची आज्ञा दिली. देवळाच्या वेशीवर रिक्यूचा लाकडी पुतळा बसवला होता, हे एक कारण सांगतात. त्यावर अभ्यासकांचे एकमत नाही. सत्तरीच्या म्हाताऱ्याने आज्ञा पाळली. नातू सोतान याने विद्या सांभाळली आणि त्याच्या मुलांची तीन घराणी आजही ती शिकवतात. बारीक फुलांच्या एका दोन्सुला रिक्यूचेच नाव आहे.

त्याच्या हाती चौलचे रेशीम आले होते, असा दावा मी करणार नाही. चौल १७४० मध्ये मराठ्यांकडे आले. तिथले रेशमी माग आता उरलेले नाहीत. आमच्या ट्रंकेत आजीच्या शालूचा काठ तेवढा आहे. तो कुठल्या गावी विणला, हे घरात कोणालाच सांगता येत नाही.