सूर्यास्ताला सावली किती लांब होते? भास्कराचार्यांच्या 'खहर'ची गोष्ट

संध्याकाळी नरपडच्या किनाऱ्यावर वाळूत एक काठी उभी रोवून बघा. सूर्य समुद्राकडे उतरतो तसतशी काठीची सावली गावाच्या दिशेने लांबत जाते. सूर्य अगदी क्षितिजाला टेकल्यावर ती किती लांब होईल?

गणित इथे अडतं. अशा अडलेल्या जागेकडे सुमारे ९०० वर्षांपूर्वी नीट पाहणारा माणूस म्हणजे भास्कराचार्य.

त्यांचा जन्म १११४ चा. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचं भास्कराचार्यांनी लिहून ठेवलंय. अनेक अभ्यासक ते गाव चाळीसगावजवळच्या पाटण परिसरातलं मानतात. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग.

त्या काळी वेळ आणि दिशा सावलीवरून काढत. त्यासाठी १२ अंगुळांचा शंकू उभा करत. सूर्य ४५ अंशांवर असेल तर सावली १२ अंगुळे, १० अंशांवर सुमारे ६८ आणि १ अंशावर तब्बल ६८७! कारण सावली काढायला सूर्याच्या उंचीच्या कोनाच्या साइनने भागावं लागतं. शून्य अंशाला साइनही शून्य. मग भागायचं कशाने?

शून्याने भागल्यावर संख्या तशीच राहते, असं महावीराचार्यांनी नवव्या शतकात म्हटलं होतं. भास्कराचार्यांनी ते मानलं नाही. ज्याच्या छेदात शून्य आहे त्या राशीला त्यांनी 'खहर' म्हटलं. ख म्हणजे शून्य, हर म्हणजे छेद. ही राशी अनंत आहे, तिच्यात काही मिळवा किंवा वजा करा, ती बदलत नाही, असं सांगताना त्यांनी विष्णूची उपमा दिली.

आजचं गणित एक पाऊल पुढे जातं. शून्याने भागून संख्या मिळतच नाही, फक्त त्या जागेकडे सरकताना उत्तर वाढत जातं. आलेख ज्या उभ्या रेषेला चिकटत जातो पण टेकत नाही, ती अनंतस्पर्शी रेषा. ती शोधायची युक्ती मात्र तीच : छेद कुठे शून्य होतो ते बघा. टॅन म्हणजे साइन भागिले कोसाइन. कोसाइन ९०° ला शून्य होतो आणि पुढे दर १८०° ला. म्हणून टॅनच्या सगळ्या अनंतस्पर्शी रेषा एका ओळीत मांडता येतात : क्ष = ९०° + १८०° × न, इथे न कोणताही पूर्णांक. सावलीच्या गणितात छेदात साइन असतो, म्हणून तिथे क्ष = १८०° × न.

११८३ मध्ये, साठी उलटून गेल्यावरही, भास्कराचार्यांनी 'करणकुतूहल' लिहिला. पुढे नातू चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला. तिथल्या देवीच्या मंदिरातला शिलालेख ही नोंद आजही सांगतो. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला.