लोकशाहीर अमर शेख

पाठाचा परिचय

शाहिरी ही महाराष्ट्राची जुनी लोककला आहे. हाती डफ घेतलेला शाहीर, त्याच्यामागे तुणतुणे व झांज वाजवणारे साथीदार आणि त्याच्या सुरात सूर मिसळणारे झीलकरी असा हा मेळा असतो. शिवकाळात अफझलखानाच्या वधावर रचलेला पोवाडा आजही अभ्यासला जातो. पूर्वी शाहिराला राजाश्रय असे. विसाव्या शतकात मात्र हीच कला गिरण्यांच्या वस्तीत आणि शेतकऱ्यांच्या मेळाव्यांत जाऊन उभी राहिली. हे घडवून आणणाऱ्या शाहिरांत अमर शेख यांचे नाव अग्रभागी आहे. स्वतः गीते रचणाऱ्या आणि स्वतःच ती गाणाऱ्या या कलावंताचे जीवन या पाठात आपण जाणून घेणार आहोत.

बालपण आणि श्रम

अमर शेख यांचे मूळ नाव महेबूब हुसेन पटेल. त्यांचा जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे एका गरीब मुस्लिम कुटुंबात झाला. घरी धनदौलत नव्हती. पण आई मुनेरबी यांच्या मुखी लोकगीतांचे धन होते. गीताचा पहिला संस्कार महेबूबवर झाला तो आईच्या मांडीवर. पुढे त्यांच्या गायनात जी अस्सल मराठी मातीची चव उतरली, तिचे मूळ या बालपणात आहे.

गरिबीमुळे त्यांना कोवळ्या वयातच पोटामागे धावावे लागले. काही काळ ते मोटारगाडीवर क्लीनर होते. पुढे ते गिरणीत कामगार म्हणून लागले. गाड्या धुणे, सामान चढवणे, यंत्रांच्या खडखडाटात पाळी संपेपर्यंत उभे राहणे, हीच त्यांची शाळा ठरली. ज्यांच्यासाठी पुढे आयुष्यभर गायचे होते, त्या माणसांचे जगणे त्यांनी असे स्वतः जगून पाहिले.

तो काळ स्वातंत्र्यलढ्याचा होता. १९३० ते १९३२ या वर्षांत देशभर सविनय कायदेभंगाची चळवळ पेटली. किशोरवयीन महेबूब तीत सामील झाले आणि त्यांना विसापूरच्या तुरुंगात जावे लागले. हा तुरुंग तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. तेथे राजकीय कैद्यांच्या सहवासात त्यांना साम्यवादी विचारांची ओळख झाली. देशाला स्वातंत्र्य मिळावे आणि त्याबरोबर कष्टकऱ्याला त्याच्या घामाचे मोल मिळावे, ही दुहेरी ओढ तेथून त्यांच्या मनात रुजली. बार्शीच्या गिरणी कामगारांनी संप पुकारला, तेव्हा ते त्या लढ्यात पुढे होते आणि त्याबद्दलही त्यांना अटक झाली.

महेबूबचे अमर शेख झाले

पुढे काम शोधत ते कोल्हापूरला गेले. कोल्हापूर हे त्या वेळी मराठी चित्रपटसृष्टीचे मोठे केंद्र होते. तेथे मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत त्यांनी नोकरी केली. ‘अमर शेख’ हे नाव त्यांना याच काळात मिळाले आणि महाराष्ट्राने त्यांना कायमचे त्याच नावाने ओळखले.

चित्रपटाच्या झगमगाटात मात्र ते रमले नाहीत. मुंबई त्यांना बोलावत होती. लालबाग, परळ या भागांत तेव्हा कापडगिरण्यांची दाटी होती. कोकणातून आणि देशावरून आलेले लाखो कामगार तेथील चाळींतून राहत. त्यांच्यापैकी पुष्कळांना लिहितावाचता येत नव्हते. वर्तमानपत्र त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते. पण डफावर थाप पडली की माणसे गोळा होत. जे छापील कागद सांगू शकत नव्हता, ते गाणे सांगू शकत होते. गीताचे हे सामर्थ्य अमर शेख यांनी नेमके ओळखले.

१९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख या तिघांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले. अण्णा भाऊंची धारदार लेखणी आणि अमर शेख यांचा पहाडी आवाज यांचा तेथे संगम झाला. पोवाडे, लावण्या, छकडी आणि लोकनाट्ये यांच्या साहाय्याने हे पथक गावोगावी आणि गिरण्यांच्या दारोदारी फिरले. बंगालमधील १९४३ च्या भीषण दुष्काळाची हाक या शाहिरांनी महाराष्ट्रातील माणसापर्यंत पोहोचवली. सावकारी, उपासमार, कामगारांची पिळवणूक हे त्यांच्या गीतांचे विषय झाले. तमाशाचा जुना साचा घेऊन त्यांनी त्यात नवा आशय भरला.

संयुक्त महाराष्ट्राचा आवाज

स्वातंत्र्यानंतर भाषावार प्रांतरचनेचा प्रश्न उभा राहिला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई शहर महाराष्ट्रापासून वेगळे काढून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला. मराठी जनता खवळून उठली. फेब्रुवारीत संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली. या लढ्यात शंभराहून अधिक माणसांनी प्राण गमावले.

या चळवळीच्या सभांत वक्त्यांच्या भाषणांइतकीच शाहिरांच्या गीतांची वाट पाहिली जाई. अमर शेख व्यासपीठावर उभे राहिले, की विखुरलेला समुदाय एकचित्त होई. उंच स्वर, स्पष्ट शब्द आणि शब्दाशब्दांतून ओसंडणारा आवेश ही त्यांच्या गायनाची वैशिष्ट्ये होती. त्यांचे गाणे ऐकणारा माणूस केवळ श्रोता राहत नसे. तो स्वतः झीलकरी होई.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बार्शीच्या मुस्लिम घरातील हा मुलगा मराठी भाषकांच्या राज्यासाठी प्राणपणाने गात होता आणि ते कोणालाही नवल वाटले नाही. शाहिराची ओळख त्याच्या धर्मावरून नव्हे, तर भाषेवरून आणि कष्टकऱ्यांशी असलेल्या नात्यावरून ठरली होती. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. मुंबई मिळाली, बेळगाव, निपाणी, कारवार हा सीमाभाग मात्र बाहेर राहिला. त्यामुळे आनंदात सल उरली.

गोवा मुक्तीच्या आंदोलनातही अमर शेख यांनी आपला आवाज दिला. १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले, तेव्हा कम्युनिस्ट पक्षात या प्रश्नावर तीव्र मतभेद होते. अमर शेख यांनी त्या वेळी देशरक्षणासाठी कार्यक्रम केले, लोकांना धीर दिला आणि संरक्षण निधी जमवला. पक्षाचा विचार त्यांना प्रिय होता. परंतु देशावर संकट आले असता त्यांचा डफ गप्प राहिला नाही.

कवी आणि नट

अमर शेख हे केवळ गायक नव्हते. ‘अमरगीत’ हा त्यांचा गीतसंग्रह आणि ‘पहिला बळी’ हे नाटक १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘कलश’ (१९५८) आणि ‘धरतीमाता’ (१९६३) हे त्यांचे काव्यसंग्रह होत. ‘प्रपंच’ (१९६१) या चित्रपटात त्यांनी भूमिका केली. सभेत गायलेले गीत सभेबरोबर विरून जाण्याची भीती असते. पुस्तकांमुळे त्यांचे शब्द टिकले. ज्या आवाजाने ते शब्द जिवंत होत, तो मात्र कागदावर उतरत नाही, हेच शाहिराच्या कलेचे वैभव आणि हीच तिची व्यथा होय.

अखेर

१८ जुलै १९६९ रोजी अण्णा भाऊ साठे यांचे निधन झाले. त्यानंतर अवघ्या सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्ट १९६९ रोजी, पुणे जिल्ह्यातील इंदापूरजवळ झालेल्या अपघातात अमर शेख यांनाही मृत्यूने गाठले. तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते. एकाच पावसाळ्यात महाराष्ट्र दोन लोकशाहिरांना मुकला. अमर शेख यांचा काव्याचा वारसा त्यांची कन्या, कवयित्री मल्लिका अमर शेख यांनी पुढे नेला. मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचे अध्यासन स्थापन झाले. ज्याला गरिबीने गिरणीत धाडले, त्याच्या नावाने विद्यापीठात लोककलेचा अभ्यास व्हावा, हा कष्टकऱ्यांच्या कलेचा गौरवच आहे.

स्वाध्याय

१. अमर शेख यांना गीतांचा वारसा कोणाकडून मिळाला?
२. गिरणी कामगारांपर्यंत विचार पोहोचवण्यासाठी गीत हे प्रभावी साधन का ठरले?
३. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील अमर शेख यांचे कार्य आपल्या शब्दांत लिहा.
४. ‘शाहिराच्या कलेचे वैभव आणि व्यथा’ या शब्दांतून लेखकाला काय सुचवायचे आहे?
५. आपल्या परिसरात काम करताना गायली जाणारी गीते ऐका व त्यांपैकी एकाविषयी पाच वाक्ये लिहा.