इंग्रजी सहावी आणि कर्मवीर

आपल्या होस्टेलवर मराठी माध्यमातून आलेली मुलं कमी नाहीत. मीही त्यातलाच. आपल्या सगळ्यांची एकच रड असते, विषय कळतो पण बोलता येत नाही. व्हायवाला उत्तर अगदी जिभेवर असतं, पण समोरच्या सरांनी इंग्रजीत विचारलं की तोंड उघडत नाही. अशा वेळी मला याच सातारा-सांगलीच्या मातीत वावरलेला एक माणूस आठवतो. तो स्वतः मॅट्रिकसुद्धा झालेला नव्हता. त्याचं नाव कर्मवीर भाऊराव पाटील.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 चा, कुंभोजचा. मूळ गाव मात्र आपल्या वाळवा तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक. त्या काळी मराठी चौथीनंतरच्या वर्गांना इंग्रजी पहिली, इंग्रजी दुसरी असंच म्हणायचे. इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. म्हणजे पुढं शिकणं आणि इंग्रजी शिकणं याला गावाकडं जवळजवळ एकच शब्द होता! भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलात इंग्रजी सहावीपर्यंत पोचले आणि तिथंच शिक्षण थांबलं. आजच्या हिशोबानं दहावी.

आपण असतो तर काय केलं असतं? नशिबाला दोष देऊन घरी बसलो असतो. भाऊराव सातारला आले आणि चक्क शिकवण्या सुरू केल्या. मॅट्रिक न झालेल्या या माणसाला लोक पाटील मास्तर म्हणू लागले. मला वाटतं, शिकवणाऱ्याला रोज स्वतःही शिकावं लागतं, आणि ज्याला एखादी गोष्ट अवघड गेलेली असते तोच ती दुसऱ्याला सोपी करून सांगू शकतो.

यानंतरचा भाग आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांना जवळचा आहे. भाऊरावांनी ओगलेवाडीच्या काच कारखान्यासाठी आणि किर्लोस्करवाडीच्या नांगरांसाठी विक्रेता म्हणून काम केलं. गावोगाव फिरून लोखंडी नांगर विकायचा. पुढं 1922 च्या सुमारास सातारला धनजीशा कूपर यांच्याबरोबर कारखाना उभारण्यातही त्यांचा हात होता. नंतर मतभेद होऊन ते बाहेर पडले. अशा धंद्यात ऑर्डर, कमिशन, एजंट, स्टॉक, डिलिव्हरी हे शब्द टाळता येतच नाहीत. ते पाठ करावे लागत नाहीत. वस्तू हातात असते, समोर गिऱ्हाईक असतं, आणि शब्द आपोआप अंगवळणी पडतो.

या फिरतीत त्यांनी खेड्यातली शाळेबाहेरची पोरं पाहिली. 1919 साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, आणि 1924 ला ती सातारला आली. तिथं त्यांनी सगळ्या जातींच्या मुलांना एका छताखाली, एका पंगतीत आणलं. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाचं नामकरण झालं, श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. मुलांच्या जेवणासाठी धान्य नसताना भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिलं. बोर्डिंग हा शब्द डिक्शनरीत पाहा. त्यातला बोर्ड म्हणजे जेवणाचं टेबल, म्हणून राहण्याबरोबर जेवणाची सोय ती बोर्डिंग. हा अर्थ साताऱ्यात एका बाईनं गळ्यातला दागिना देऊन जपला. आपल्याकडची म्हातारी माणसं अजूनही पोरगं बोर्डिंगात आहे असं म्हणतात. एबीसीडी न शिकलेल्यांच्या तोंडी तो इंग्रजी शब्द कधीच मराठी होऊन बसलाय.

पुढं 1935 ला सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज, 1940 ला महाराजा सयाजीराव हायस्कूल, 1947 ला सातारचं छत्रपती शिवाजी कॉलेज, 1954 ला कऱ्हाडचं कॉलेज. इंग्रजी सहावीत अडलेल्या माणसानं दुसऱ्यांसाठी कॉलेजपर्यंतचा जिना बांधला. मुलं शेतात, बांधकामावर राबायची आणि शिकायची. 1959 साली पुणे विद्यापीठानं त्यांना सन्माननीय डी. लिट. दिली. त्याच वर्षी 9 मे रोजी अण्णा गेले.

या बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले, पुढं शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांनी अण्णांचं चरित्र लिहिलं ते इंग्रजीत, आणि त्याच्या नावात 'बनियन' आहे. बनियन म्हणजे वड, रयतचं बोधचिन्ह. आणि गंमत अशी की हा इंग्रजी शब्द मुळात आपल्याच वाण्यांवरून गेलाय! परमुलखात हे व्यापारी ज्या झाडाखाली बसत, त्या झाडालाच साहेबानं त्यांचं नाव दिलं. आपल्याकडून शब्द घेताना साहेब लाजला नाही, मग त्याचा घेताना आपण का लाजायचं?

आता आपलं बघा. नट, बोल्ट, बेरिंग, पिस्टन, स्टार्टर, फ्यूज हे शब्द आपण गावातल्या गॅरेजवर आणि पंपावर लहानपणीच शिकलो. शब्द आहेत, अडतं ते वाक्यापाशी. तेव्हा रोज दोन-तीन तयार वाक्यं तोंडात बसवायची, तीही कामाच्या जागीच. प्रश्न समजला नाही तर गप्प न बसता 'कुड यू रिपीट द क्वेश्चन, सर?' वर्कशॉपमध्ये 'हाऊ डज धिस वर्क?' मित्राला मदत करताना 'लेट मी ट्राय.' मेसमध्ये अर्धा तास सगळ्यांनी इंग्रजीतच बोलायचं ठरवलं तर काय बिघडेल? हसतील ते हसू देत. आणि ज्युनिअरला शिकवा. पाटील मास्तरांनी तेच केलं होतं.

इंग्रजी सहावी ही भाऊरावांची शेवटची इयत्ता होती, शेवटची पायरी नव्हती. आपण तर त्यांच्यापेक्षा कितीतरी इयत्ता पुढं आहोत. मग उद्याच्या व्हायवाला निदान तोंड तरी उघडू या!