झोरा नील हर्स्टन : मानवशास्त्राची एक विद्यार्थिनी

बारावीचा निकाल लागला की वसतिगृहातून बाहेर पडणारी मुले आणि त्यांचे पालक सल्ल्यासाठी आमच्याकडे येतात. वैद्यक, अभियांत्रिकी, स्पर्धा परीक्षा यांविषयी बोलणे सोपे असते. परंतु एखादी मुलगी मानवशास्त्र हा पदवीचा मुख्य विषय घ्यावा असे म्हणते, तेव्हा तिच्या वडिलांच्या चेहऱ्यावर उमटणारा प्रश्न आम्हांला पाठ आहे : हे शिकून पुढे काय? त्या प्रश्नाला नीट उत्तर देणे आम्हांला आजवर जमलेले नाही. म्हणूनच या स्मरणिकेसाठी चरित्र लिहावयाचे ठरले तेव्हा याच विषयाच्या एका विद्यार्थिनीची निवड आम्ही केली. तिच्या चरित्रात पालकांना हवे तसे उत्तर सापडेल असा आमचा दावा नाही. तिचा शेवट दारिद्र्यात झाला, आणि ते झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही.

झोरा नील हर्स्टन यांचा जन्म ७ जानेवारी १८९१ रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात, नोटासल्गा या गावी झाला. त्या लहान असतानाच कुटुंब फ्लोरिडातील ईटनव्हिल येथे राहावयास गेले. हे गाव १८८७ साली कृष्णवर्णीयांनी स्वतः वसविलेले. नगराध्यक्ष कृष्णवर्णीय, दुकानदार कृष्णवर्णीय, शिक्षकही कृष्णवर्णीय. वडील सुतारकाम करीत, चर्चमध्ये प्रवचने देत आणि पुढे गावाचे नगराध्यक्षही झाले. गावातील दुकानाच्या ओट्यावर संध्याकाळी पुरुष मंडळी जमत आणि थापा मारण्याची, गोष्टी रंगविण्याची चढाओढ लागे. काही ना काही निमित्ताने दुकानात जाऊन झोरा तेथे रेंगाळत असत. पुढे ज्या सामग्रीला विद्यापीठात लोकसाहित्य असे भारदस्त नाव मिळाले, ती त्यांनी प्रथम ऐकली ती अशी, घरच्या कामात चुकारपणा करून!

१९०४ साली आई गेली. वडिलांनी दुसरे लग्न केले. झोरा जॅक्सनव्हिलच्या शाळेत होत्या, तेथील फी येणे बंद झाले आणि शिक्षण तुटले. पुढची कित्येक वर्षे नातलगांच्या घरी आणि परक्यांच्या घरकामात गेली. एका फिरत्या नाटक मंडळीतील गायिकेची दासी म्हणूनही त्यांनी काम केले. १९१७ साली बाल्टिमोरमध्ये त्या पुन्हा शाळेत दाखल झाल्या तेव्हा त्यांचे वय सव्वीस होते. मोफत शिक्षणास पात्र ठरावे म्हणून त्यांनी आपले जन्मवर्ष १९०१ असे सांगितले. दहा वर्षे त्यांनी अशी पुसून टाकली, आणि पुढे आयुष्यभर ती परत मोजली नाहीत. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख आणि खरी जन्मतारीख वेगवेगळ्या आहेत. त्यांना या असत्याबद्दल फार स्पष्टीकरण द्यावे लागू नये.

नंतर वॉशिंग्टनचे हॉवर्ड विद्यापीठ. तेथे पुरुषांच्या केशकर्तनालयात ग्राहकांची नखे कापून-घासून देण्याचे काम करीत त्या शिकल्या आणि कथा लिहू लागल्या. १९२५ च्या जानेवारीत त्या न्यूयॉर्कला आल्या, तेव्हा त्यांच्याजवळ दीड डॉलर होता. त्याच वर्षी एका वाङ्मयीन पारितोषिक समारंभात बार्नार्ड महाविद्यालयाच्या विश्वस्त ॲनी नेथन मेयर यांची भेट झाली आणि शरद ऋतूत त्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला. बार्नार्ड हे कोलंबिया विद्यापीठाशी संलग्न असे स्त्रियांचे महाविद्यालय. त्यावेळी तेथील एकमेव कृष्णवर्णीय विद्यार्थिनी झोरा होत्या. इंग्रजी वाङ्मय शिकावयाचे म्हणून त्या आल्या होत्या. परंतु मानवशास्त्राच्या वर्गात लिहिलेला त्यांचा एक निबंध प्राध्यापिका ग्लॅडिस राइकार्ड यांच्याकडून कोलंबियात फ्रान्झ बोआस यांच्यापर्यंत पोहोचला, आणि मुख्य विषय मानवशास्त्र ठरला.

बोआस हे जर्मनीतून आलेले ज्यू विद्वान. कवटीच्या आकारावरून वंश ठरतो आणि वंशावरून माणसाची लायकी ठरते, असे त्या काळी शास्त्राच्या नावाने सांगितले जाई. स्थलांतरितांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याचा आकार आईवडिलांहून बदललेला आढळतो, असे बोआस यांनी १९११ साली हजारो मोजमापांच्या आधारे दाखवून दिले आणि त्या समजुतीच्या मुळावरच घाव घातला. त्यांचेच शिष्य अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या कोलंबियातील मानवशास्त्राच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील जातिसंस्थेवरील आपला प्रसिद्ध निबंध वाचला होता. झोरा बार्नार्डमध्ये आल्या त्याच्या नऊ वर्षे आधीची ही गोष्ट. ब्रॉडवे हा एक रस्ता ओलांडला की ते विद्यापीठ.

बोआस यांचे शिष्य मेल्व्हिल हर्स्कोविट्स यांच्या संशोधनासाठी १९२६ साली झोरा हातात कॅलिपर घेऊन हार्लेमच्या रस्त्यावर उभ्या राहिल्या. येणाऱ्याजाणाऱ्या अनोळखी माणसाला थांबवावयाचे आणि त्याच्या डोक्याचे माप घ्यावयाचे. हे करताना त्यांना कोणी शिव्या दिल्या नाहीत, याचे त्यांच्या कवी-मित्राला, लँग्स्टन ह्यूज यांना, मोठे नवल वाटे. आम्हांला या प्रसंगाचे महत्त्व निराळे वाटते. ज्यांची डोकी त्यांना हीन ठरविण्यासाठी मोजली गेली, त्यांच्यातीलच एका मुलीच्या हाती आता ते मोजपट्टीचे साधन आले होते. आपल्याकडे रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने नाकांची मापे घेऊन जातींची उतरंड लावली. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या उगमावरील ग्रंथात मापांच्याच आकड्यांवरून ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे असल्याचे मांडले. साधन तेच. ते कोणाच्या हाती आहे आणि कोणत्या प्रश्नासाठी वापरले जात आहे, हा भेद.

फेब्रुवारी १९२७ मध्ये चौदाशे डॉलरची शिष्यवृत्ती घेऊन झोरा लोककथा गोळा करण्यासाठी फ्लोरिडास निघाल्या. आपलाच मुलूख, आपलीच माणसे. परंतु सहा महिन्यांत हाती फारसे काही लागले नाही. बार्नार्डमध्ये कमावलेल्या घोटीव उच्चारांत त्या लोकांना नम्रपणे विचारीत, आपणांस काही लोककथा ठाऊक आहेत काय? ज्यांच्या जिभेवर शेकडो गोष्टी होत्या ती माणसे माना हलवीत, आमच्याकडे असले काही नाही, शेजारच्या जिल्ह्यात असेल, असे सांगून मोकळी होत. परत आल्यावर बोआस यांच्यासमोर त्यांना रडू आवरले नाही.

हे वाचताना आम्ही थबकलो. सुटीत घरी गेलेल्या मुलाची ग्रंथातली मराठी ऐकून आजी गप्प होते, हे आमच्यातील कित्येकांनी अनुभवले आहे. शिक्षणाने माणूस आपल्या माणसांपासून किती अंतरावर जातो, हे पदवीच्या पत्रावर लिहिलेले नसते.

या अपयशाच्या भरात त्यांच्या हातून एक गंभीर चूकही घडली. अलाबामात मोबील शहराजवळ कजो लुइस नावाचे वृद्ध राहत. १८६० साली क्लोटिल्डा या जहाजातून आफ्रिकेतून चोरून आणलेल्या गुलामांपैकी ते एक. त्यांच्यावरील झोरांचा लेख १९२७ मध्ये एका इतिहासविषयक नियतकालिकात छापून आला. त्यातील बराचसा मजकूर एमा रोश या लेखिकेच्या जुन्या पुस्तकातून उचललेला होता, हे झोरांच्या मृत्यूनंतर उघड झाले. वाङ्मयचौर्याला दुसरे नाव नाही, आणि आम्ही तसे देऊ इच्छित नाही. मात्र त्याच वर्षाच्या अखेरीस त्या कजो लुइस यांच्याकडे पुन्हा गेल्या आणि सुमारे तीन महिने जात राहिल्या. जाताना पीच किंवा कलिंगड न्यावे. ते बोलले तर ऐकावे, बागेत काम आहे म्हणून परत पाठविले तर निमूट परत यावे. या बैठकींतून जे पुस्तक झाले ते त्यांनी कजो लुइस यांच्या बोलीतच लिहिले. प्रकाशकाने प्रमाण भाषेचा आग्रह धरला. झोरांनी नकार दिला. ते पुस्तक छापले गेले २०१८ साली.

१९२८ मध्ये पदवी मिळाली. त्याच सुमारास त्या फ्लोरिडात पोक परगण्यातील लाकूड कापण्याच्या गिरणीच्या वस्तीवर राहिल्या. चकचकीत मोटार आणि दुकानातला महागडा झगा पाहून मजुरांना त्या सरकारी हेर वाटल्या. तेव्हा आपण चोरटी दारू विकणारी बाई असून पोलिसांपासून पळत आहोत, अशी थाप त्यांनी ठोकली. लगेच त्यांना वस्तीत जागा मिळाली! यावेळी कथा आल्या, गाणी आली, टोमणे आणि भांडणेही आली, आणि या सर्वांचा ग्रंथ १९३५ साली बोआस यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला.

पण या कामाचा खर्च भागविणाऱ्या एका धनिक गोऱ्या बाईंशी जो करार झाला होता, त्यानुसार महिना दोनशे डॉलरच्या बदल्यात गोळा केलेली सारी सामग्री त्या बाईंच्या मालकीची ठरत होती. आपल्या आजोबा-आजींच्या गोष्टी छापावयास परक्याची परवानगी! कोलंबियात पीएच.डी. करण्यासाठी मिळालेली शिष्यवृत्तीही देणाऱ्या संस्थेने मध्येच आखडती घेतली आणि ती पदवी राहून गेली. १९३६ पासून गुगेनहाइम शिष्यवृत्तीवर त्या जमैका आणि हैतीत हिंडल्या. हैतीत सात आठवड्यांत लिहिलेली कादंबरी १९३७ साली आली. आज ती अमेरिकेत विद्यापीठांतून शिकविली जाते. त्या वेळी तिचे फारसे कौतुक झाले नाही. बोलीत लिहून आपल्याच लोकांचे हसे केले, असा आक्षेप घेणारे त्यांचे स्वजातीय लेखकच होते.

१९५० साली मायामीत त्या एका घरी मोलकरीण म्हणून काम करीत होत्या. मासिक चाळताना मालकिणीला त्यात आपल्याच मोलकरणीची कथा दिसली. २८ जानेवारी १९६० रोजी फोर्ट पिअर्स येथील निराधारांच्या आश्रयगृहात त्यांचे निधन झाले. दफनाचा खर्च वर्गणीतून झाला, थडग्यावर दगड बसला नाही. त्यांचे सामान जाळले जात असताना तेथून चाललेल्या, त्यांना ओळखणाऱ्या एका पोलीस अधिकाऱ्याने आग विझविली. आज विद्यापीठाच्या संग्रहात असलेल्या काही हस्तलिखितांच्या कडा जळलेल्या आहेत त्या त्यामुळे.

१९७३ साली तरुण लेखिका ॲलिस वॉकर गवतातून वाट काढीत ती स्मशानभूमी शोधत गेल्या आणि अंदाजाने सापडलेल्या जागी त्यांनी दगड बसविला. त्यावर कादंबरीकार, लोकसाहित्याच्या अभ्यासक आणि मानवशास्त्रज्ञ अशी झोरांची ओळख कोरली आहे. जन्मवर्ष मात्र कोरले आहे १९०१. शाळेत प्रवेश मिळावा म्हणून सांगितलेले.